गादीचं दुकान, बोला

सिस्टरचा डोळा लागला की फोन वाजायचा. जणू कुणीतरी पडद्याआड बसून चुगली करत होतं, की हां, आत्ता मिटल्या पापण्या, लाव.

त्या दिवशीही तेच झालं. रात्रपाळी संपवून ती घरी आली, तोंडावर पाणी मारलं, खिडकीला जाड चादर लावली आणि गादीवर पाठ टेकली. अंग इतकं जड झालं होतं, की पाय कुठे संपतात आणि गादी कुठे सुरू होते तेच कळेना. आणि उशीखाली घरघर सुरू झाली.

"हॅलो, डबल बेडची गादी आहे का? कापसाची?"

"नाही. हे घर आहे."

"घरातूनच विकता का?"

"नाही हो. राँग नंबर."

"पण इथे हाच दिलाय. दुकानाचा फोटोपण आहे. लाल पाटी."

"दादा, मी नर्स आहे. रात्रभर जागी होते. माझ्याकडे गादी एकच आहे आणि तिच्यावर मी आहे."

पलीकडचा माणूस विचारात पडला. "म्हणजे स्टॉक संपलाय का?"

सिस्टरने फोन ठेवला आणि छताकडे बघत पडून राहिली. हसू यायला हवं होतं, पण हसायलासुद्धा अंगात थोडं त्राण लागतं.

तिला सगळे सिस्टरच म्हणायचे. हॉस्पिटलात म्हणायचे ते ठीक, पण गल्लीतला दूधवालाही म्हणायचा आणि चिडला की नवराही. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर होता, आठवडेच्या आठवडे रस्त्यावर. त्याचा फोन कधीही यायचा, जिथे गाडी थांबेल आणि रेंज मिळेल तिथून. वॉर्डातून यायचा, की आज लवकर ये, अमकी आजारी पडलीय. लेकीच्या शाळेतून यायचा. म्हणून फोन बंद ठेवायची सोय नव्हती. आणि नंबर बदलावा, तर तो इतक्या ठिकाणी देऊन ठेवलेला की त्यापेक्षा घर बदलणं सोपं.

तर गेला महिनाभर सिस्टर अख्ख्या शहराला गादी नाही म्हणून सांगत होती. लोक तरी किती तऱ्हेचे. एकाची पाठ दुखत होती, त्याने पार मणक्यापासून सुरुवात केली. एकीला उशा हव्या होत्या, "पण फार उंच नकोत, मान अवघडते." एक काका तर भांडायलाच आले होते, गेल्या वर्षी घेतलेल्या गादीत खड्डा पडला म्हणून. सिस्टरने त्यांना विचारलं, "तुम्ही रोज एकाच बाजूला झोपता का?" आणि मग ती स्वतःवरच वैतागली. तो माणूस कुठे का झोपेना, आपल्याला काय करायचंय? झोपतोय ना, नशीबवान.

वैतागण्यापुरतं होतं तोवर तेही चाललं. पण त्याच दिवशी पहाटे वॉर्डात जे झालं, ते वैतागून सोडून देण्यासारखं नव्हतं.

पहाटेची औषधं वाटताना तिने खिडकीजवळच्या पेशंटची गोळी दाराजवळच्या बाईंच्या हातावर ठेवली होती. त्या बाई म्हणजे निवृत्त मास्तरीण, जन्मभर वह्या तपासलेल्या. त्यांनी गोळी चष्म्याजवळ नेली आणि म्हणाल्या, "सिस्टर, माझी पांढरी असते. ही गुलाबी कुणाची?"

एवढंच. गोळी कुणाच्या पोटात गेली नाही, कुणाला काही झालं नाही. पण वॉर्डाच्या प्रमुख, ज्यांना सगळ्या मोठ्या सिस्टर म्हणायच्या, त्या नेमक्या मागे उभ्या होत्या. मोठ्या सिस्टर कधी ओरडायच्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं, असं वाटायला लावायच्या. त्यांनी तिला औषधांच्या कपाटापाशी नेलं.

"झोपतेस का गं तू?"

"झोपते."

"आरशात बघ जरा. तुझ्यासारखा हात माझ्या वॉर्डात दुसऱ्या कुणाचा नाही, सुई टोचलेली पेशंटला कळत नाही. पण पुन्हा असं झालं तर मी तुला इथे ठेवणार नाही. तळमजल्यावर स्टोअरला बसवीन, कापसाची बंडलं लावायला."

"पुन्हा नाही होणार."

"झोपली नाहीस तर होणार," असं म्हणून मोठ्या सिस्टर पुढच्या खाटेकडे गेल्या.

वॉर्ड सोडून स्टोअर. सिस्टरला नुसत्या विचारानेच कसंतरी झालं. पेशंट कण्हायच्या आधी त्याची उशी सरळ करायची, हे तिला जमायचं. कापसाच्या बंडलांना काय, त्यांची मान अवघडत नाही. पेशंटच्या बाबतीत आता एक चूक झाली की संपलं, आणि चूक होऊ नये म्हणून हवी होती झोप, आणि झोप तर गादीच्या दुकानाने नेली होती.

दुपारी लेक शाळेतून आली. तिचं घरातलं नाव चिमी, पण हल्ली मैत्रिणींसमोर त्या नावाने हाक मारली तर ती ओ देत नसे.

"आई, तू झोपलीच नाहीस?"

"झोपले होते गं. मधेमधे दुकान उघडावं लागलं."

चिमीने दप्तर कोपऱ्यात भिरकावलं आणि आईचा फोन हातात घेतला. दोनदा टकटक केलं, अन् दुकान हजर. लाल पाटीचा फोटो, उघडायची वेळ, बंद व्हायची वेळ, नकाशा, पाचातल्या चार चांदण्या, आणि खाली ठसठशीत अक्षरांत सिस्टरचा नंबर.

सिस्टरने डोळे बारीक केले. "अगं, हे तर बाजारामागचं दुकान. आपली गादी इथलीच नाही का?"

होतीच इथली. दिवसा झोप नीट लागावी म्हणून तिने हौसेने नवी गादी करून घेतली होती. आता त्या दुकानाने गादी देऊन झोप परत नेल्यासारखं झालं.

"मग त्या काकांना फोन करून सांग ना, की नंबर चुकलाय."

"कुठल्या नंबरवर करू?"

दोघींनी स्क्रीनकडे बघितलं. दुकानाचा म्हणून जो नंबर होता तो फोन चिमीच्या हातात होता.

"जाऊन ये मग."

"मला आत्ता जिना उतरवणार नाही, चिमे. रात्री पुन्हा ड्यूटी आहे."

"जायची गरजच नाही मुळी. हे बघ, इथे 'बदल सुचवा' आहे." चिमीची बोटं झरझर चालली. "नंबर चुकीचा आहे. हो. खात्री आहे. हो. पाठवला." मग तिने आलेलं उत्तर वाचून दाखवलं, "धन्यवाद. माहितीची पडताळणी करण्यासाठी आम्ही दुकानाशी दिलेल्या क्रमांकावर संपर्क साधू."

"दिलेल्या क्रमांकावर म्हणजे?"

"म्हणजे तुलाच." चिमीला ही गंमत फारच आवडली. "ते विचारणार, हा गादीच्या दुकानाचा नंबर आहे का? तू म्हणायचं नाही. खेळ खलास. एका 'नाही'चं तर काम."

इतका वेळ स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. सासूबाई पदराला हात पुसत दारात आल्या. घर दोनच खोल्यांचं, त्यामुळे इथे कुणी कुणाचं चोरून ऐकत नसे, सगळं आपोआपच ऐकू यायचं.

"तो फोन इकडे द्या," त्या म्हणाल्या. "उद्यापासून ड्यूटीवरून आलीस की माझ्या हवाली करायचा आणि पडायचं. कामाचा फोन असला तर उठवीन, बाकीच्यांचं मी बघते."

"आई, तुम्हाला कशाला उगाच त्रास?"

"त्रास कसला. फोन उचलायचाय, पोतं नाही."

चिमीने आजीला सगळं शिकवलं. हिरवं बटण, लाल बटण, आवाज मोठा कसा करायचा. आणि शेवटी बोट उगारून म्हणाली, "आजी, एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. मेसेजमध्ये आलेले आकडे कुणी विचारले तर सांगायचे नाहीत. अगदी कुणीही असो. आवाज ओळखीचा वाटला तरी नाही. हल्ली मशीनवर आवाजसुद्धा बनवतात."

"नाही सांगणार," सासूबाई म्हणाल्या. आणि सासूबाई एकदा नाही म्हणाल्या की ते दगडावर कोरलेलं असायचं.

पुढचे काही दिवस बरे गेले असं म्हणायला हरकत नाही. फोन स्वयंपाकघरात वाजायचा, एका रिंगमध्ये उचलला जायचा. पण सासूबाईंचा आवाज भिंतीबिंती मानणारा नव्हता. अर्धवट झोपेत सिस्टरच्या कानावर तुकडे पडायचे. "कमरेला कापसाचीच बरी हो." "मंगळवारी बंद असतं." "लाल पाटी, शेजारी सायकलवाला." तिला वाटायचं आपण स्वप्नात आहोत आणि स्वप्नातसुद्धा गाद्यांचं दुकान चाललंय. ती उठायची तेव्हा झोपल्यासारखं वाटायचं नाही, फक्त आडवं पडल्यासारखं वाटायचं. वॉर्डात आता ती प्रत्येक गोळी दोनदा वाचायची आणि मग तिसऱ्यांदा, पहिल्या दोन वेळा खरंच वाचली का या शंकेने.

मग एका दुपारी चिमीने फोन बघितला आणि तिचा चेहरा पडला.

"आई. मेसेज आलाय. 'आपल्या दुकानाचा क्रमांक फोनवरून पडताळण्यात आला आहे. क्रमांक बरोबर आहे.' आणि नंबरशेजारी हिरवी खूण आलीय."

"बरोबर आहे? कुणी सांगितलं बरोबर आहे?"

दोघींची नजर एकाच वेळी स्वयंपाकघराकडे वळली.

"आई," सिस्टर म्हणाली, "कुणी विचारायला फोन केला होता का?"

"आला होता ना परवा." सासूबाई डाळ निवडत होत्या, त्यांनी मानही वर केली नाही. "एक मुलगी होती. काय गोड बोलायची. म्हणाली, गादीच्या दुकानाचा नंबर हाच का? मी म्हटलं, हो, हाच."

"अहो पण हाच कसा?"

"सगळ्यांना मी तेच सांगते की."

चिमी मटकन खाली बसली.

"सगळ्यांना? आजी, तू लोकांना राँग नंबर म्हणून सांगत नव्हतीस?"

"पहिल्या दिवशी सांगून बघितलं. नाही म्हटलं की माणूस पुन्हा लावतो. नीट नंबर लावून पुन्हा लावतो, आणि पुन्हा तुझी आईच. मग बायकोला लावायला सांगतो. हो म्हटलं की एकदाच बोलतो आणि गप दुकानात जातो. तुझ्या आईला झोपायचं होतं ना? मग फोन कमी वाजायला नकोत?"

या हिशेबात चूक कुठे होती ते दोघींनाही पटकन सापडेना.

"पण तुम्हाला दर, वेळ, हे सगळं कसं कळलं?" सिस्टरने विचारलं.

"दर आधी माहीत नव्हते. मी म्हणायची, दुकानात जाऊन विचारा आणि मलापण सांगा. चांगली माणसं असतात गं. परत फोन करून सांगतात."

सिस्टरने दोन्ही हातांनी कपाळ धरलं. सासूबाईंवर रागवावं तर कशासाठी? त्यांनी जे केलं ते तिच्या झोपेसाठीच केलं होतं. चिमीने पुन्हा 'बदल सुचवा' दाबून बघितलं. उत्तर आलं, की हा क्रमांक पडताळलेला आहे, आता बदल फक्त दुकानाच्या मालकालाच करता येईल.

हिरव्या खुणेवर लोकांचा केवढा विश्वास. दुसऱ्या दिवसापासून फोन दुपटीने वाजायला लागला. त्या सकाळी ड्यूटीवरून येऊन सिस्टर आडवी झाली, तर भिंतीपलीकडे एकामागून एक गिऱ्हाईक. ती कूस बदलत राहिली. पहाटे तिने औषधाची बाटली उघडली होती आणि ती का उघडली हे क्षणभर आठवलं नव्हतं. मोठ्या सिस्टर टेबलापाशी लिहीत बसल्या होत्या. त्यांचं पेन थांबलं होतं, मग पुन्हा चाललं होतं.

ती उठली, पायांत चपला सरकवल्या. सासूबाई फोनवर कुणाला तरी उशीचं माप सांगत होत्या. फोन मागायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. ती तशीच जिना उतरली.

बाजारामागचं दुकान लांब नव्हतं, पण त्या दिवशी रस्ता कुणीतरी ओढून लांबवल्यासारखा वाटत होता. लाल पाटी, शेजारी सायकलवाला, सगळं सासूबाई सांगायच्या तसंच. आत छतापर्यंत गाद्यांची चळत. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते. मधोमध जमिनीवर गादीवाले काका मांडी घालून एका गादीला टाके घालत होते, हातात बोटभर लांब सुई, दातांत दोरा.

"या," दोरा न सोडता ते म्हणाले. "फोनवर बोलणं झालंय का?"

"कुणाशी?"

"त्या आजींशी. आधी त्यांच्याशी बोललेलं बरं असतं. गिऱ्हाईक तयार होऊन येतं. हल्ली कुणी आलं की माप, कापूस, दिवस, सगळं ठरवूनच येतं. मला फक्त सुई चालवायची." त्यांनी दोरा तोडला. "जावयाने इंटरनेटवर दुकान टाकून दिलं, तेव्हापासून सुख आहे. इंटरनेटवाल्यांनी फोनवर बसवलेली बाई चांगली आहे. वयस्कर आहे, पण चलाख."

सिस्टर जवळच्या चळतीला टेकली. "काका, ती बाई माझी सासू आहे. आणि तो नंबर माझा आहे."

काकांची सुई अर्ध्यातच थांबली.

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. जावयाने फोन करून विचारलं होतं, की मामा, दुकानाचा नंबर सांगा, इथे टाकायचाय. "आता आपला नंबर आपल्याला कुठे पाठ असतो?" काका म्हणाले. "आपण काय आपल्याला फोन करतो? मी फोन उघडून बघितला, जावयाच्या नावाखाली एक नंबर दिसत होता, तोच वाचून दाखवला. फोन माझा, मग त्यातला नंबरपण माझाच की."

त्याआधी त्यांनी फोन केला होता तो सिस्टरला, गादी तयार आहे, पाठवू का, असं विचारायला.

"बदलून टाका काका. तुमचा खरा नंबर टाका."

काकांनी नजर चुकवली. "राहू दे ना, सिस्टर. एवढं छान चाललंय. माझं तोंड कडू, मी फोन उचलला की गिऱ्हाईक पळतं. आणि दोन्ही हात कामात असतात, उचलणार कसा? आजींना त्रास होत असेल तर मी एखादी उशी पाठवून देतो."

सिस्टरला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायची ताकद वॉर्डातच संपली होती. ती साध्या आवाजात म्हणाली, "गेल्या आठवड्यात मी एका पेशंटला दुसऱ्याची गोळी दिली. त्या बाईंनी बघितली म्हणून निभावलं. ज्याला बघता येत नाही असा पेशंट असता तर? मला दिवसा झोप मिळत नाही, काका. आता पुन्हा काही झालं तर मला वॉर्डातून काढणार आहेत, आणि काढायलाच पाहिजे. मी त्यांच्या जागी असते तर मीपण काढलं असतं."

काकांनी सुई गादीत खोचून ठेवली, हात झटकले आणि खिशातून फोन काढून तिच्या हातात दिला. "मला त्यातलं काही कळत नाही. तुम्हीच करा."

जावयाने फोनमध्ये सगळं लावून ठेवलं होतं. काकांचा खरा नंबर सिस्टरने सेटिंगमध्ये शोधून काढला, जुना पुसून तिथे भरला. पुढे अक्षरं उमटली, की बदल पक्का करण्यासाठी सध्याच्या क्रमांकावर आकडे पाठवले आहेत, ते इथे भरा.

सध्याचा क्रमांक स्वयंपाकघरात होता. सिस्टरने काकांच्या फोनवरून स्वतःलाच फोन लावला.

"गादीचं दुकान, बोला," सासूबाई म्हणाल्या.

"आई, मी बोलतेय. आत्ता एक मेसेज आला असेल, त्यात आकडे आहेत. तेवढे वाचून दाखवा."

पलीकडून संशयाने भिजलेला आवाज आला. "कोण बोलतंय?"

"मी हो. तुमची सून."

"सुनेचा फोन माझ्या हातात आहे. मग तू कुठून बोलतेस?"

"गादीवाल्या काकांच्या फोनवरून. मी दुकानात आलेय."

"माझी सून आत झोपलीय," सासूबाई ठासून म्हणाल्या.

"नाही झोपले. तुम्ही बोलत होतात तेव्हाच निघाले. आत जाऊन बघा."

चपलांचा आवाज, दाराची कुरकुर, पुन्हा चपलांचा आवाज. "आत नाहीये ती. पण म्हणून तू ती होत नाहीस. नातीने बजावलंय मला. आधी ओळखीचं नाव सांगतात, मग आकडे मागतात."

"आई, आवाज तरी ओळखा."

"आवाज मशीनपण काढतं."

काकांनी कान जवळ आणला होता. "बाई पक्की आहे," ते कौतुकाने पुटपुटले.

"बरं, मग काहीतरी विचारा मला," सिस्टर म्हणाली.

"माझ्या लेकाला लहानपणी मी काय म्हणायचे?"

"लाडोबा."

"हे गल्लीत कुणीही सांगेल. माझा कुठला गुडघा दुखतो?"

"चिमीला सांगताना डावा, डॉक्टरांना सांगताना उजवा."

सासूबाई घुटमळल्या. "हे डॉक्टरलापण माहीत असेल." इकडे स्क्रीनवर नवीन ओळ आली, की आकड्यांची मुदत संपली, पुन्हा मागवा. सिस्टरने पुन्हा मागवले. तिकडे फोन टुणकन वाजला. "आणखी एक आला बघ," सासूबाई म्हणाल्या, "एवढी घाई कशाला आहे तुला?"

आणि सिस्टरचा बांध फुटला. ती रडली नाही, आवाजही चढला नाही. फक्त तिच्या आवाजातला सगळा कणा निघून गेला.

"आई, मला झोप आलीय हो. मी गाद्यांच्या ढिगात उभी आहे, छतापर्यंत गाद्या आहेत इथे, आणि मला एकीवरही पडता येत नाही. मला घरी येऊन झोपायचंय. बस, एवढंच."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"हां," सासूबाई म्हणाल्या. "ही तूच. थांब, चष्मा लावते."

त्यांनी एकेक आकडा असा वाचला, जणू तो हातातून निसटून फुटेल. सिस्टरने भरला. स्क्रीन फिरली, फिरली, आणि लाल पाटीखाली दुसराच नंबर आला. हिरवी खूण त्याच्याशेजारी जाऊन बसली. ती अजून बघत होती, तोच तिच्या हातातला काकांचा फोन वाजला. तिने तो त्यांच्या हातात ठेवला.

"काय पाहिजे?" काका फोनमध्ये खेकसले. पलीकडच्याने बहुधा लगेच ठेवून दिला.

"मी सांगितलं नव्हतं?" काका म्हणाले.

घरी येऊन सिस्टर त्या दिवशी झोपली, पण झोप अशी, की मधेमधे जाग यायची आणि कान टवकारले जायचे. अंगाला सवय लागली होती. जुना नंबर लिहून ठेवलेले लोक अजून अधूनमधून फोन करायचे, आणि सासूबाई त्यांना सवयीने सगळी माहिती द्यायच्या. आवाज कमी झाला होता, थांबला नव्हता.

आठवडा संपता संपता, संध्याकाळी, गादीवाले काका जिना चढून दारात उभे राहिले. काखेत एक नवी उशी होती. सासूबाईंनी त्यांना आधी कधी बघितलं नव्हतं, पण आवाजावरून ओळखलं. गिऱ्हाइकं त्यांची नक्कल करायची ना.

"आजी," काका उशी खाली ठेवत म्हणाले, "माझ्याच्याने होत नाही. मी बोललो की लोक येत नाहीत, आणि न बोललो की मलाच शिव्या देतात. तुम्ही रोज सकाळी दुकानात येऊन बसाल का? दुपारपर्यंत. फुकट नाही म्हणत मी. नुसता फोन सांभाळायचा. बसायला गादी आहेच."

"मला कुठला वेळ," सासूबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. चहा उकळेपर्यंत त्यांनी विचार केला असावा, कारण कप पुढे ठेवताना त्या म्हणाल्या, "तो कापूस नाकात जातो का फार? आणि तुमच्या पुढच्या दाराशी पायरी आहे म्हणतात लोक. तिथे धरायला काहीतरी लावून घ्या."

सोमवारी सिस्टर ड्यूटीवरून आली तेव्हा सासूबाई चष्म्याची डबी पिशवीत टाकून तयार होत्या. चिमी शाळेत गेली होती. "भांडी राहू दे, मी आल्यावर बघते," असं म्हणून त्या जिना उतरल्या, पायरी पायरीला गुडघ्याशी बोलत.

दार लागलं. घर इतकं शांत झालं, की नळाचा थेंब ऐकू आला. सिस्टर गादीवर आडवी झाली. पहाटे मोठ्या सिस्टरनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं होतं आणि काही न बोलता खिडकीजवळच्या खाटेची फाइल तिच्याच हातात दिली होती. तेवढं आठवून तिने डोळे मिटले. पण झोप यायला तयार नाही. कान आपले वाट बघतायत, आता वाजेल, मग वाजेल. फोन उशीशेजारी गप पडून होता, मुद्दाम न वाजल्यासारखा.

शेवटी तिने तोच उचलला आणि दुकान शोधलं. लाल पाटी, चार चांदण्या, हिरवी खूण. तिने नंबर दाबला.

एक रिंग. "गादीचं दुकान, बोला."

"डबल बेडची गादी आहे का?" सिस्टर म्हणाली. "कापसाची?"

सासूबाईंनी मागे वळून काकांना काहीतरी सांगितल्यासारखं वाटलं. मग त्यांचा आवाज अगदी फोनजवळ आला, आणि पहिल्यांदाच हळू.

"ती तुमच्याकडे गेलीय बाई. तिच्यावरच पडा. आणि तो फोन ठेवा खाली."